सिकंदरमामाचा बाईचा पार्ट

आंबेवडीत एखाद्या गड्याला खाली पाहायला लावायचं असलं, की लोक म्हणायचे, "जा, हातात बांगड्या भर!" एवढं ऐकलं की भल्याभल्यांच्या डोक्यात तिडीक जायची. सिकंदर मणेराला मात्र हे बोलून काही उपयोग नव्हता. एक तर बायकांच्या हातात बांगड्या भरणं हा त्याचा बापजाद्यांपासूनचा धंदा. आणि दर वर्षी चैत्रात, भैरोबाच्या जत्रेला, हा गडी खरोखरच स्वतःच्या हातांत डझनभर बांगड्या भरून, नऊवारी नेसून अख्ख्या गावासमोर उभा राहायचा. अशा माणसाला आणखी काय म्हणून हिणवणार?

हा बाईचा पार्ट त्याच्याकडे आला तो सोळाव्या वर्षी, आणि तोही अपघातानं. जत्रेच्या नाटकात बायकांची कामं करणाऱ्या गड्याला मिलिटरीत भरतीचं पत्र आलं आणि तो तालीम सोडून बेळगावला गेला. आता गावात कोवळा चेहरा, बारीक आवाज आणि बिनमिशीचं तोंड कुणाचं, असा शोध सुरू झाला. सगळ्यांची बोटं एकदमच सिकंदरकडे वळली. तो लाजला, नको नको म्हणाला आणि मग जो रंगमंचावर चढला तो वीस वर्षं उतरलाच नाही. पुढं आवाज जाडला, अंग भरलं, पण मिशी त्यानं कधी ठेवली नाही. मशिदीतले म्हातारे यावरून कुरकुरायचे, आणि जत्रेला पहिल्या रांगेत येऊन बसायचे.

मधे एकदा त्याला सरदाराचं काम दिलं होतं. त्यानं तलवार उपसली, एक आरोळी ठोकली, दुसरी ठोकली, आणि तिथंच त्याला कंटाळा आला. "बाप्याच्या पार्टात हाय काय?" तो तालमीच्या गड्यांना म्हणाला. "समदं वरडूनच सांगायचं. बाई न बोलता दहा गोष्टी सांगती." पुढच्या वर्षी त्यानं लुगडं परत मागून घेतलं.

बाई न बोलता काय सांगते, हे त्याच्याइतकं गावात कुणाला ठाऊक असणार? परक्या बाईचा हात दिवसाढवळ्या, तिच्या सासूच्या समोर धरायची मुभा पंचक्रोशीत दोनच माणसांना, एक वैद्य आणि दुसरा हा. उंबऱ्याबाहेर पोतं अंथरून तो बसायचा. समोर बसलेल्या बाईचा पंजा दोन्ही हातांत घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी हलके दाबत दाबत तो कणकेसारखा मऊ करायचा आणि बांगडी अशी चढवायचा, की तिला कळूच नये. सगळ्या त्याला मामा म्हणायच्या. हात ढिला सोडला म्हणजे तोंडही सुटतं. माहेरची आठवण, सासूचा जाच, पोटात राहिलेलं आणि न राहिलेलं, सगळं त्या पोत्यावर बोललं जायचं. आणि जी बोलायची नाही तिचा हात बोलायचा. कुणाचं मनगट सुजलेलं असलं, तर सिकंदर विचारायचा नाही. एक माप मोठी बांगडी काढायचा आणि दुसऱ्या हातापासून सुरुवात करायचा.

हे सगळं चैत्रात रंगमंचावर यायचं. विंगेतून चार पावलं टाकून तो उजेडात आला, की समोरचे बाप्ये, ज्यांच्याशी तो रोज पारावर विडी ओढायचा, तेच वेगळे होऊन बसायचे. मांड्या ठोकायचे, शिट्ट्या घालायचे. त्या नजरा अंगावर आल्या, की सिकंदरला पाठीवरून पदर ओढून घ्यावासा वाटायचा आणि न सांगता त्याचा हात तिकडे जायचा. लोक म्हणायचे, काय बारीक काम करतो! त्यात काम कसलं होतं? त्याला खरंच तसं व्हायचं. एकदा शेजारच्या गावचा एक फेटेवाला नाटक संपल्यावर मिशी पिळत पडद्यामागं आला आणि त्यानं विचारलं, "बाई कुठल्या?" सिकंदर लुगड्यातच विडी ओढत बसला होता. "हितल्याच," तो खर्जात म्हणाला. फेटेवाल्यानं पुढच्या तीन जत्रा चुकवल्या.

घरात त्याची बायको जैनब म्हणजे या सगळ्यावरचा मास्तर. नाटकाच्या आधी महिनाभर तो तिला चालून दाखवायचा, बसून दाखवायचा, चूल फुंकून दाखवायचा. "बाई आशी बसत न्हाई," ती भाकरी थापता थापता म्हणायची. "ही तर पंचायतीला आल्यागत बसलीया. बाईला बसायला येळ असतो व्हय? ती उठायच्या बेतानंच बसती." सिकंदर पुन्हा बसायचा. या घरात दोन बायका हायत, आणि त्यातली एक कामाची न्हाई, असं ती शेजारणींना सांगायची.

तर असं सगळं सुखानं चाललेलं असताना पंचाहत्तर सालच्या जत्रेला बाळासो मास्तरांनी स्वतः नाटक लिहिलं. मास्तर प्राथमिक शाळेत शिकवायचे, मनानं चांगले, पण लिहायला बसले की त्यांच्या अंगात यायचं. गोष्ट फौजीची होती. गावात दर चार घरांमागं एक माणूस फौजेत, तेव्हा विषय सगळ्यांच्या जवळचा. नायक सीमेवर पडतो, घरी तार येते आणि त्याची बायको पारू स्टुलावर हात आपटून बारा बांगड्या फोडते. तिथं पडदा.

मास्तरांनी पहिल्या तालमीला हे वाचून दाखवलं तेव्हा दोन गड्यांनी डोळे पुसले. सिकंदरनं मात्र हात वर केला.

"मास्तर, येवढं बदला. ह्ये बांगडीचं मी करनार न्हाई."

"म्हणजे?"

"आमी त्यो शबुदबी तोंडात घेत न्हाई. भरताना चुकून गेली तरी 'वाढवली' म्हनतो. ह्या हातानं आयुष्यभर भरल्या. त्याच हातानं ह्ये कसं करू?"

मास्तर समजुतीनं हसले. अरे, हे नाटक आहे, म्हणाले. पण जत्रा कमिटीचे प्रमुख हंबीरराव हसले नाहीत. हंबीररावांना गाव आबा म्हणे. वीस एकर ऊस, मोठा आवाज, आणि जत्रेचा मांडव म्हणजे त्यांना आपल्याच घराची पडवी वाटायची. त्यांनी या वर्षी इस्लामपूरहून माइक मागवला होता. काचा फुटल्याचा आवाज मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

"हे बघ सिकंदर," आबा म्हणाले, "आता समदीकडं खऱ्या बायका आणत्यात. सांगलीला नट्या मिळत्यात. मीच म्हनलं, आपला गडी हाय तवर परका मानूस नगं. पर तुला जमत नसंल तर तसं सांग. ती येऊन फोडंल."

 वर्षाचे अकरा महिने सिकंदर ज्या चार पावलांसाठी जगायचा, ती चार पावलं कुणीतरी दुसरीच बाई टाकणार होती. त्यानं हातातली वही मिटली आणि म्हणाला, "फोडतो, आबा."

तालमीत बांगड्या नसायच्या, त्यामुळे तिथं काही अडलं नाही. रिकामे हात स्टुलावर आपटले, की मास्तर तोंडानं 'खळ्' म्हणायचे. पण जत्रा आठ दिवसांवर आली तेव्हा सिकंदरला धीर धरवेना. दुपारी घरात कुणी नाही असं बघून त्यानं एक हिरवी बांगडी हातात चढवली, उंबऱ्याशी बसला आणि हात उचलला. तो काही खाली येईना. तेवढ्यात मागच्या दारानं जैनब पाण्याची घागर घेऊन आली.

"या अल्ला!" तिनं घागर तशीच ठेवली आणि त्याचा हात धरला. "आपल्याच उंबऱ्यावर? मी जिती हाय, तुमी जिते हाय आनि ह्यो काय खेळ?"

त्यानं सगळं सांगितलं. फोडलं नाही तर पार्ट जातो, आणि फोडवत तर नाही. जैनब त्याच्या शेजारी टेकली. उठायच्या बेतानं नाही, चांगली मांडी घालून.

"मास्तरनं कवा बघितलंय का?" तिनं विचारलं. "कुठली बाई आपल्या हातानं फोडती वं? तिला कुठलं भान? दुसऱ्या बायका धरत्यात आनि दगडानं फोडत्यात. ती नुस्ती हात देती."

 सिकंदरला बनुबाई आठवली. गावात तो पोतं अंथरून बसला, की ही म्हातारी नातींना घेऊन यायची, त्यांच्या बांगड्यांचा रंग निवडायची, आणि स्वतःचे दोन्ही हात सबंध वेळ पदराखाली ठेवायची. एकदा वाऱ्यानं पदर उडाला तेव्हा त्याला दिसलं होतं, डाव्या मनगटावर काच घुसल्याची आडवी खूण. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला होता तिचा. इतकी वर्षं लुगडी नेसून बाईचं सोंग घेतलं, पण पदराखाली हात धरून बसलेल्या बाईचं सोंग आपण कधी घेतलंच नाही, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

तरीही जत्रेच्या दिवशी तो फोडायचं ठरवूनच गेला. माणूस काही एका दुपारीत बदलत नाही, आणि पार्ट त्याला प्राणासारखा होता. जेवणं उरकून गाव मांडवात आलं. एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बायका, मधे दोर. आबांची धाकटी सून अंजना, गेल्याच माघात लग्न होऊन आलेली, सासूच्या आडून बघत होती. तिच्या लग्नाचा चुडा सिकंदरनंच भरला होता.

तिसऱ्या अंकात तार आली. सिकंदर स्टुलापर्यंत चालत गेला. माइक अगदी स्टुलाच्या वर टांगला होता. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. सिकंदरनं दोन्ही हात उचलले, आणि सवयीनं, पारू शेवटचं बघेल तसं, बायकांच्या बाजूला बघितलं. तिकडचे सगळे हात त्याच्या ओळखीचे होते. कुणाचा अंगठा जाड, कुणाचं हाड वाकडं, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. आणि त्यांतल्या कितीतरी हातांनी आत्ताच, नकळत, पदर ओढून घेतला होता.

तो खाली बसला.

त्यानं उजव्या हातानं डाव्याचा पंजा धरला, अंगठ्याचं मूळ दाबलं, आणि एक बांगडी उतरवली. काचेची बांगडी न फोडता उतरवणं सोपं नाही. चढवायला जेवढा हात लागतो त्याच्या दुप्पट लागतो. ती त्यानं पदरावर ठेवली. मग दुसरी. पेटीवाला गोंधळून थांबला. विंगेतून मास्तर कुजबुजले, "फोड! अरे फोड!" माइकमुळे ते सगळ्या मांडवानं ऐकलं. बाप्यांच्या बाजूनं हसं पिकलं आणि कुणीतरी ओरडलं, "फोड की रं लवकर!"

तेव्हा बायकांच्या पुढच्या रांगेतून बनुबाईचा आवाज आला. "गप ऱ्हावा रं! बाईला तिचं उरकू द्या."

हसं थांबलं. बारा बांगड्या उतरेपर्यंत जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. शेवटची निघाली तेव्हा सिकंदरचे हात उघडे पडले, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला गावासमोर उघडं पडल्यासारखं वाटलं. त्यानं ते पदराखाली घेतले. पडदा ओढणाराही विसरला होता. मास्तरांनी त्याला ढोसलं तेव्हा पडदा पडला. टाळी अशी आलीच नाही. बायका उठून मुकाट घरी गेल्या.

आबांनी सकाळीच बोलावून घेतलं. ते चिडलेले नव्हते, आणि तेच जास्त वाईट होतं. "शबुद दिला हुतास," एवढंच म्हणाले. पुढच्या जत्रेला तेच नाटक पुन्हा लागलं आणि सांगलीहून नटी आली. देखणी होती, आवाज गोड होता आणि तिनं नेमक्या वेळेला हात असा आपटला, की काचा माइकमधून शेवटच्या खांबापर्यंत गेल्या. मांडव टाळ्यांनी दणाणला. सिकंदर बाप्यांमधे मागं बसला होता. त्याला फार वाईट वाटलं. घरी येऊन तो जैनबला म्हणाला, "चांगलं केलं गं पोरीनं," आणि तोंड फिरवून झोपला. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी येऊन त्याचा हात धरला, तुझ्यासाठी पुन्हा लिहीन म्हणाले. पण पुन्हा तसं काही झालं नाही. लुगडं जैनबनं धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवलं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी आबांचा धाकटा मुलगा दादासो, अंजनाचा नवरा, उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडून गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. गावात चूल पेटली नाही. सिकंदर मातीला गेला, खांदा दिला आणि घरी येऊन बसला. बांगड्यांची पेटी त्यानं आठवडाभर उघडली नाही. आंबेवडीत बांगड्या वाढवायची रीत दहाव्याला, घरातच, न्हाणीच्या दगडापाशी असते, आणि त्या दिवशी मणेरानं त्या आळीतूनसुद्धा जायचं नसतं.

दहाव्याच्या सकाळी दारात आबा उभे होते. एकटेच. त्यांचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"सिकंदर," ते म्हणाले, "धा दिवसांत पोरगी एक शबुद बोलली न्हाई. आज तिकडं बायका जमल्या तवा बोलली. म्हनली, मामाला बोलवा. नाटकात उतरवल्या तशा उतरवू देत. दगुड लावू देनार न्हाई म्हनती."

सिकंदरनं जैनबकडे बघितलं. दोघांना एकच गोष्ट कळत होती. ज्या हातानं विधवेच्या बांगड्या काढल्या, त्या हातानं उद्या कोण सवाशीण बांगड्या भरून घेणार? पार्ट गेला तेव्हा मन मोडलं होतं. आता पोटावर येणार होतं. जैनबनं कोनाड्यातली तेलाची वाटी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"सुकलेल्या हाताला तेल लागंल," ती म्हणाली.

आबांच्या घरी सोप्यात बायका दाटीनं बसल्या होत्या. न्हाणीच्या दगडाशी वरवंटा काढून ठेवला होता. अंजना भिंतीला टेकून बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. सिकंदर तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्यानं तळव्याला तेल लावलं आणि हात पुढं केला. तिनं पंजा दिला. तो गार होता आणि लाकडासारखा ताठ. सिकंदरनं बराच वेळ नुसता तो चोळला, घाई केली नाही. पंजा हळूहळू मऊ पडला तेव्हा अंजना रडायला लागली. बायकांमधून कुणी समजूत घालायला पुढं सरकली, तर बनुबाईनं तिला हातानं थांबवलं.

उजव्या हातातल्या सहांपैकी पाच निघाल्या, सहावी अडली म्हणून त्यानं ती मागाहून काढायला ठेवली. मग डाव्यातल्या पाच. प्रत्येक बांगडी तो आपल्या धोतरावर ठेवत होता, आवाज न करता. डाव्या हातातली शेवटची बांगडी त्यानं चिमटीत धरली, आणि अंजनानं मूठ आवळली.

सिकंदरला वाटलं दुखलं असेल. त्यानं अंगठ्याचं मूळ दाबलं. मूठ आणखी घट्ट झाली. त्यानं वर बघितलं. तिचं तोंड खालीच होतं, डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळत होतं, पण मूठ सुटत नव्हती. त्यानं हात बदलून बघितला. उजवी मूठही तशीच मिटलेली. वीस वर्षं त्यानं हजारो हात धरले होते आणि हात खोटं बोलत नाही हे त्याला माहीत होतं. मागं सगळ्या बायका मान उंचावून बघत होत्या. आबा चौकटीत उभे होते.

सिकंदरनं तिचा पदर अलगद पुढं ओढला आणि दोन्ही मनगटं त्याखाली झाकून टाकली. मग धोतरावरच्या बांगड्या गोळा केल्या, उठून उभा राहिला, आणि वीस वर्षांत बाईच्या पार्टात कधी लागला नव्हता इतका ठाम, स्वच्छ आवाज काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"झाल्या समद्या."

कुणी मोजलं नाही. आबांनी एकदा सुनेच्या पदराकडे बघितलं, एकदा सिकंदरकडे, आणि वाकून न्हाणीजवळचा वरवंटा उचलून आत ठेवून दिला.